खालच्या मजल्यावरून आलेली तक्रार

मागच्या महिन्यात एका सकाळी सातच्या सुमाराला बेल वाजली आणि दारात हौसाकाकी उभ्या होत्या. गुडघ्यांमुळे त्या जिना चढत नाहीत, काही हवं असलं तर खालून फोन करतात. "तुझा काका उठत नाय रं," एवढंच त्या म्हणाल्या आणि कठड्याला धरून तिथेच पायरीवर बसल्या. मी अनवाणीच खाली धावलो. हिराजीकाका कुशीवर झोपलेले होते. एक हात उशीखाली, कपाळाला नेहमीची आठी, जणू झोपेतही कुणाची तरी चूक पकडली होती. डॉक्टर आले, झोपेतच गेले म्हणाले. दुपारपर्यंत विचुंब्याहून त्यांचं सगळं गणगोत जमलं. जो तो मला हाताला धरून सांगत होता, तुमचा दोघांचा लई जीव होता एकमेकांवर... होताच. पण आमची ओळख कशी झाली, हे त्यातल्या फार थोड्यांना ठाऊक होतं. काकांनी आम्हाला या इमारतीतून घालवायचा प्रयत्न केला होता, तिथून ती सुरू झाली. आणि हातात घेतलेलं कुठलंही काम ते करायचे तसा तो प्रयत्नही त्यांनी अगदी मन लावून केला होता.

नऊ वर्षांपूर्वी आम्ही नवीन पनवेलमधल्या या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहायला आलो. मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढतो, माझी बायको वैशाली औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. मुलगी चिन्मयी, म्हणजे चिनू, तेव्हा साडेचार वर्षांची होती. चिनू पाच-सहा शब्द बोलायची, तेही आम्हाला उद्देशून नव्हे. हाक मारली तर वळायची नाही. खेळण्यातल्या गाड्या ती चालवायची नाही, उलट्या करून चाकं फिरवत बसायची. आणि उड्या मारायची. दोन्ही हात छातीशी घट्ट धरून, दात आवळून, एकाच लादीवर, धप् धप् धप्... थांबवायला गेलं की किंचाळायची. वैशालीला दोन वर्षांपासून शंका होती. तिने पनवेलमधल्या बालविकास तज्ज्ञ डॉक्टरांची वेळ दोनदा घेतली आणि ती दोन्ही वेळा मी रद्द केली. माझा चुलता पाच वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता, असं माझी आई सांगायची. तो चुलता मी ढालीसारखा वापरत होतो. बालवर्गाच्या बाईंनी "थोडे दिवस घरीच शिकवा" असं सांगून तिचं दप्तर आमच्या हातात दिलं, तेव्हा मी त्या बाईंशी भांडलो. घरी येऊन वैशालीशी भांडलो. मुलीशी कसं वागायचं ते मात्र मला कळत नव्हतं. ती माझ्याकडे बघायचीच नाही. मी घरात आहे की नाही याने तिला काही फरक पडत नाही, असं मला वाटायचं, आणि ते मी कुणाला सांगितलं नव्हतं.

राहायला येऊन दोन आठवडे झाले नसतील, तर एका सकाळी दारात एक उंच, काळेसावळे गृहस्थ उभे. बनियन, गुडघ्यापर्यंतची चड्डी, बनियनला खिसा नाही म्हणून पेन कानावर खोचलेलं.

"वर मसाला कांडता काय?"

"लहान मुलगी आहे काका. खेळते."

"रोज सकाली सा वाजून धा मिनिटांनी खेलते?"

"मुलं आहेत, थोडं चालायचंच," मी म्हणालो आणि दार लावून घेतलं. अगदी तोंडावर नाही, पण जवळपास तसंच.

हिराजीकाका मूळचे विचुंब्याचे. शेती गेल्यावर तळोज्याच्या एका कारखान्यात त्यांनी देखभाल खात्यात फिटर म्हणून आयुष्य काढलं. तिथे दर तासाला प्रत्येक मशीनची नोंद ठेवावी लागायची. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी तो हात शांत बसत नव्हता. पुढे चार महिने ते पुन्हा वर आले नाहीत. मला वाटलं, समजूत पटली. मग एका दिवशी सोसायटीचं पत्र आलं. आवाजाचा उपद्रव, रहिवाशांची लेखी तक्रार, पुढच्या सभेत निर्णय. त्याच संध्याकाळी घरमालकांचा फोन आला की शक्यतो दुसरी जागा बघा. पत्रासोबत पुरावा म्हणून वहीच्या काही पानांच्या झेरॉक्स जोडल्या होत्या. तारीख, वेळ, किती मिनिटं, काय आवाज... सरळ उभं अक्षर, पट्टीने आखलेले रकाने.

मी ती पानं टेबलावर फेकली. वैशालीने ती उचलली. एकदा वाचली, पुन्हा वाचली, मग पेन्सिल घेऊन बसली. पोळ्या तशाच राहिल्या. "इकडे बघ," ती म्हणाली. "सकाळी सहा-दहा. उड्या, आठ मिनिटं, नंतर रडणं. रोज. पण हे बघ, या बुधवारी काही नाही. शेजारी लिहिलंय, 'आज पाणी नाही.' संध्याकाळी पाच वाजता पुन्हा उड्या आणि रडणं. आणि मग सात-वीस. उड्या, तीन मिनिटं, 'रडणं नाही.' रविवारी सात-वीसला काही नाही..." ती जरा थांबली. "हा माणूस आपल्याला घालवायला निघालाय, आणि आपल्या पोरीकडे आपल्यापेक्षा जास्त लक्ष याचंच आहे."

तिसऱ्यांदा घेतलेली वेळ मी रद्द केली नाही. त्या डॉक्टरबाई पन्नाशीच्या, शांत बोलणाऱ्या. त्यांनी चिनूबरोबर खाली सतरंजीवर बसून बराच वेळ घालवला, आम्हाला शंभर प्रश्न विचारले, आणि मग ती पानं वाचली. "हे कुणी लिहिलं?" वैशाली म्हणाली, "खालच्यांनी. आमच्याविरुद्ध." डॉक्टरबाई हसल्या नाहीत. "इतकी चांगली नोंद मला पालकांकडून क्वचित मिळते. त्यांना विचारा, आणखी लिहितील का?" आणखी दोन भेटींनंतर त्यांनी तो शब्द उच्चारला... ऑटिझम, स्वमग्नता. हे तुमच्या लाडामुळे किंवा रागावण्यामुळे झालेलं नाही, तिच्या मेंदूची घडणच जन्मापासून वेगळी आहे, असं त्यांनी दोन-तीनदा सांगितलं. आपल्याला ऐकू येतात त्यापेक्षा काही आवाज तिला फार मोठे, फार टोचणारे वाटत असतील. उडी मारली की अंगाला हादरा बसतो आणि त्याने ती स्वतःला सावरते. म्हणून उड्या थांबवायच्या मागे लागू नका, त्या कशाने सुरू होतात ते शोधा. मी मान डोलवत होतो. बाहेर येऊन मोटरसायकलला किल्ली लावली आणि ती फिरवता येईना. वैशाली मागे चिनूला घेऊन बसली होती. ती माझ्या पाठीवर कपाळ टेकून बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी मी दुसऱ्या मजल्यावर गेलो. काकांनी दार उघडलं आणि भांडणाच्या तयारीने दोन्ही हात चौकटीला लावून उभे राहिले.

"काका, तुमची वही डॉक्टरांना हवी आहे."

"कुठला डॉक्टर? मी काय खोटं लिवलंय?"

"खोटं नाही. म्हणूनच हवी आहे." आणि मग तो शब्द मी पहिल्यांदा घराबाहेरच्या माणसासमोर उच्चारला. ज्या माणसाचा मला सर्वात जास्त राग होता, त्याच्यासमोर. त्यांनी चौकटीवरचे हात काढले.

"मी तर तुमाला घालवायला लिवलं व्हतं," ते म्हणाले. मग आत वळून, "हौसे, चा टाक. इंजिनेर आलाय." मी इंजिनिअर नाही हे पुढे अनेकदा सांगूनही मी त्यांच्यासाठी शेवटपर्यंत इंजिनेरच राहिलो.

तो चहा पिताना त्यांनी मला एकही सहानुभूतीचं वाक्य ऐकवलं नाही. नाक खाजवत विचार करत होते. "मशीन आवाज करायला लागली की नवा पोरगा आवाज बघतो," ते म्हणाले. "जुना फिटर त्याच्या आधी काय झालं ते बघतो. पोर काय मशीन नाय, ते मलाबी कलतं. पन आधी काय झालं, ते बघायचं राहिलं आपलं." आणि त्यांनी वहीत पट्टीने एक नवा रकाना आखला. वर लिहिलं, 'आधी.'

पुढचे दहा-बारा दिवस सकाळी पावणेसहाला ते आमच्या हॉलमध्ये येऊन कोपऱ्यात खुर्चीवर बसायचे. चिनूशी बोलायचे नाहीत, तिच्याकडे टक लावून बघायचेही नाहीत. आणि बहुधा म्हणूनच तिने त्यांना बसू दिलं. एका सकाळी ते पुटपुटले, "ती कान आधी झाकते. उड्या मागून." सहा वाजून दहा मिनिटांनी इमारतीचा पाण्याचा पंप सुरू व्हायचा. पंप तळमजल्यावर, आम्ही तिसऱ्यावर. आम्हाला काहीही ऐकू यायचं नाही. काका खाली गेले, पंपाच्या खोलीत शिरले, चालू मोटरवर तळहात ठेवून उभे राहिले, मग लांब पान्याचं एक टोक मोटरला आणि दुसरं कानाला लावलं. वर आले तेव्हा त्यांचा चेहरा पडलेला होता. "बेरिंग गेलंय. किती महिन्यांपासून गेलंय देव जाने. बारीक शिट्टी मारतंय, पायपातून वर चढतंय. मी जलमभर बेरिंगं बदलली, रोज त्याच्यावरच झोपतो, मला नाय ऐकू आलं. तिला आलं." दुसऱ्या दिवशी त्यांनी वॉचमनला पंप वीस मिनिटं उशिरा लावायला सांगितला. सहा-दहाला चिनू शांतपणे गाडीचं चाक फिरवत होती. सहा-तीसला तिने कान झाकले.

संध्याकाळी पाचचं कोडंही त्याच पंपाने सुटलं. राहिलं ते सात-वीसचं. त्यासाठी काका संध्याकाळीही वर येऊन बसू लागले आणि उत्तर त्यांनी मला आठवड्याने दिलं. वही उघडून पुढे केली, स्वतः गॅलरीत जाऊन पाठ करून उभे राहिले. 'आधी' या रकान्यात सलग पाच दिवस एकच ओळ होती: 'बापाची गाडी गेटात.' आणि शेवटी, शेऱ्याच्या जागी: 'हसते. ही उडी बंद करायची नाही.' ...मी घरात शिरेपर्यंत, बूट काढेपर्यंत, तिच्या त्या तीन मिनिटांच्या उड्या संपून गेलेल्या असायच्या. ती पुन्हा चाकं फिरवत असायची, माझ्याकडे न बघता. गेटातून येणाऱ्या सगळ्या गाड्यांमधून तिला माझी ओळखू यायची. मी याच घरात राहून चार महिने हे बघितलं नव्हतं आणि एका रागावलेल्या माणसाने ते छताखाली पडल्या पडल्या टिपून ठेवलं होतं. त्या दिवशी मी काकांसमोर रडलो. ते गॅलरीतून वळले नाहीत. तिथूनच म्हणाले, "झालं काय? चा गार झाला."

सोसायटीची सभा ठरल्याप्रमाणे झाली. एका सभासदाने अगदी गोड आवाजात सांगितलं की आम्हाला वाईट वाटतं, पण अशा मुलांसाठी वेगळ्या जागा असतात. वैशाली उत्तर द्यायला उठत होती, तेवढ्यात मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "तक्रार माझी," हिराजीकाका म्हणाले. "मी मागे घेतो. आता दुसरी तक्रार लिवून घ्या. आपल्या पंपाचं बेरिंग गेलंय. मोटर आज ना उद्या जलली असती. तुमच्यापैकी कोनाला ऐकू आलं? मला नाय आलं. साडेचार वर्सांच्या पोरीला आलं, ती रोज सकाली उड्या मारून सांगत व्हती, आनि आपन तिला काडायला निघालो." चेअरमननी विचारलं, पण तुमच्या झोपेचं काय? "माझी झोप मी बघीन. माझ्या डोक्यावर हाय, तुमच्या नाय." हशा पिकला. त्या हशात ठराव कुठे विरघळला ते कळलंही नाही. बेरिंग बदललं, पंपाखाली रबराच्या जाड गाद्या बसवल्या. आमच्या हॉलमध्ये आम्ही जाड चटई टाकली. तीन वर्षांनी हेच घर आम्ही विकत घेतलं.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल की मग सगळं सुरळीत झालं. नाही झालं. वर्षानुवर्षं थेरपी चालली, अजून चालते. चिनूला सामावून घेणारी शाळा सापडेपर्यंत तीन शाळांनी नकार दिला. ती सात वर्षांची असताना गल्लीत अचानक ढोलताशे सुरू झाले आणि तिला उचलून आत नेणाऱ्या काकांच्या मनगटाला ती रक्त येईपर्यंत चावली. काकी हळद लावत होत्या आणि काका मला सांगत होते, "दात मजबूत हायत पोरीचे." पण आधी काय झालं ते बघायची सवय घराला लागली ती कायमची. ती सवय त्यांनी इतर घरांतही नेली. विचुंब्यात कुणी नातवाला झाडफुकीसाठी भगताकडे नेतोय असं कळलं की काका तिथे हजर. "भगताला काय विचारतो? पोराला विचार. तो बोलत नाय तर लिवून ठेव तो काय करतो, कवा करतो. मग डाक्टरकडं जा. मी येतो संगं." आणि खरोखर जायचे. डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात त्यांना बघून एकदा कुणीतरी विचारलं, आजोबा, तुमचा नातू कुठला? त्यांनी बसलेल्या सगळ्या मुलांवरून हात फिरवला.

ते हे का करत होते, ते मी कधी विचारलं नाही. एका रविवारी खाडीच्या काठाने चालताना त्यांनी आपणहून सांगितलं. चिनू पुढे चालली होती. "माझा धाकटा भाऊ व्हता. बोलत नव्हता. दिसभर शिंपले रांगेत मांडायचा. बाप मिठागरावर, आई मिठागरावर, आमी पोरं बी. हा पानी बघून धावत सुटायचा, मग त्याला दाराला बांदून ठेवायचो. येडा म्हनायचो. तो ताप येऊन गेला तवा मी बारा वर्सांचा." त्यांनी चिनूकडे बघितलं. "त्याचं कोनी काय लिवून नाय ठेवलं..." ते म्हणाले. त्यापुढे ते कधी त्या विषयावर बोलले नाहीत.

खाडीकाठच्या या रविवारच्या फेऱ्यांमध्येच चिनूला पाऊणकी मिळाली. आकड्यांचं तिला वेड. काकांनी मिठागरावर लहानपणी शिकलेलं भरतीचं गणित तिला सांगितलं. तिथीची पाऊणपट करायची, तितके वाजता पाणी पूर्ण चढलेलं असतं. अष्टमी असेल तर आठ पाऊण सहा, सहाला भरती. जुन्या शाळेतला पाऊणकीचा पाढा ते म्हणायचे आणि ती मागून म्हणायची. आधी नुसती लय, मग आकडे, मग आपणहून. दहाव्या वर्षी तिने मला उद्देशून बोललेलं पहिलं पूर्ण वाक्य होतं, "बाबा, आज भरती सव्वादोनला." ती तृतीया होती. मी कॅलेंडर बघून खात्री केली नाही. नंतर काकांनी केली, आणि वहीत लिहिलं.

ते गेल्यानंतर तिसऱ्या दिवशी अस्थी खाडीत सोडायच्या होत्या. काकांचा मुलगा पुण्याहून आलेला, पुतणे सगळे नोकरी-धंद्यातले. भटजींना पुढे दुसरीकडे जायचं होतं, म्हणून सकाळी दहा वाजता निघायचं ठरलं. हॉल माणसांनी भरला होता. एवढ्या गर्दीत चिनू सहसा थांबत नाही. त्या दिवशी मात्र ती कानांवर हेडफोन लावून हौसाकाकींच्या पायाशी बसून होती. गाड्यांच्या चाव्या निघाल्या तसे तिने हेडफोन काढले.

"दहाला पाणी नाही. चिखल."

सगळे वळले. कुणीतरी प्रेमाने म्हणालं, "हो गो बाळा, चल." मी पुढे झालो, पण वैशालीने माझी बाही धरली.

"आज चतुर्थी," चिनू भिंतीकडे बघत म्हणाली. तिचा आवाज जरा मोठा होता, पण स्थिर होता. "चार पाऊण तीन. भरती तीनला. दहाला काका चिखलात पडतील."

मग कोपऱ्यात बसलेले विचुंब्याचे एक म्हातारे, काकांबरोबर मिठागरावर वाढलेले, बोटांची पेरं मोजत ओठ हलवू लागले आणि एकदम थांबले. "बरोबर बोलतंय पोर," ते म्हणाले. "आमी इसरलो."

हौसाकाकींनी चिनूच्या डोक्यावर हात ठेवला. एरवी तिला तो चालत नाही, तेव्हा चालला. "ती बोलते तवाच जायाचं," त्या म्हणाल्या. भटजींना फोन झाला. त्यांना तीनला जमत नव्हतं, म्हणून त्या म्हाताऱ्यांनी सांगितलं, विधीला मी हाय ना.

तीनला आम्ही पोचलो तेव्हा खाडी काठोकाठ भरलेली होती. धक्क्याच्या वरच्या पायरीला पाणी लागत होतं, चिखलाचा मागमूस नव्हता. काकांच्या मुलाने वाकून कलश सोडला. पाण्याने तो अलगद उचलला आणि आत नेला. म्हातारे बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले. मग चिनूच्या शेजारी, तिला स्पर्श न करता, हातभर अंतर ठेवून उभे राहिले आणि मोठ्या माणसाला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "उद्या किती वाजता गो?"

"पाच पाऊण पावणेचार," चिनू म्हणाली.